खोट्याची उसनवारी : 'गोबेल्सनीती' या शब्दाच्या निमित्ताने

मराठी राजकीय लेखनात 'गोबेल्सनीती' हा शब्द आता इतका रुळला आहे की तो वापरताना कोणाला थांबावेसे वाटत नाही. सत्ताधारी तो विरोधकांसाठी वापरतात, विरोधक सत्ताधाऱ्यांसाठी. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीच्या पत्रकात तो असतो आणि साहित्य संमेलनाच्या मांडवातही असतो. जो शब्द दोन्ही बाजूंना सारखाच सोयीचा असतो त्या शब्दाविषयी समीक्षकाने संशय घेतला पाहिजे. असा शब्द विचार पुढे नेत नाही, तो विचाराची जागा अडवून बसतो. आपल्या चळवळीच्या लेखनातही हा शब्द सर्रास येतो, म्हणून त्याची चिकित्सा येथे करावयाची आहे.

या शब्दाने आपली दोन प्रकारे फसगत होते. पहिली अशी की सत्तेचे खोटे ही परदेशातून आलेली वस्तू आहे असे वाटू लागते. जणू १९३३ पूर्वी या देशातल्या राज्यकर्त्यांना खोटे कसे बोलावे हे ठाऊकच नव्हते. दुसरी अशी की ही एका दुष्ट माणसाची करामत आहे असे वाटते. तो माणूस मेला म्हणजे त्याची विद्याही त्याच्याबरोबर गेली, आता उरले ते त्याचे नक्कलखोर. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि दलित वाचकाच्या दृष्टीने त्या धोक्याच्याही आहेत.

'एखादे खोटे शंभर वेळा सांगितले की ते खरे होते' हे वाक्य गोबेल्सच्या नावावर आपण शाळेपासून ऐकत आलो. त्याच्या लेखनात किंवा भाषणात ते सापडत नाही. म्हणजे शंभर वेळा सांगितल्याने खोटे खरे होते हे सांगणारे वाक्यच शंभर वेळा सांगून गोबेल्सचे झाले! पण हा विनोद बाजूला ठेवू. महत्त्वाचे हे की ज्याला आपण या विद्येचा जनक समजतो तोही दुसऱ्यांचा विद्यार्थी होता. हिटलरने १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनाच्या पहिल्या भागात पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश प्रचाराची मोकळेपणाने तारीफ केली आहे. जर्मनांनी तो इंग्रजांकडून शिकायला हवा होता अशी त्याची तक्रार होती. गोबेल्स मार्च १९३३ मध्ये प्रचारमंत्री झाला आणि त्याच महिन्यात चित्रपट व्यावसायिकांपुढे बोलताना त्याने आयझेनस्टाइनच्या 'बॅटलशिप पोटेम्किन' या सोव्हिएत चित्रपटाचा आदर्श ठेवला. ज्या कम्युनिस्टांना तो तुरुंगात कोंबत होता त्यांच्याच चित्रपटाकडून शिका, असे तो सांगत होता. सत्तेला शत्रूकडून शिकण्यात कमीपणा वाटत नाही. विटाळ मानायचा तो प्रजेने. राज्यकर्त्यांचा आपापसातला व्यवहार मात्र रोटीबेटीइतका मोकळा असतो.

तेव्हा शोधायचे ते जनक कोण हे नव्हे. हे खोटे एका हातातून दुसऱ्या हातात जाते कसे, ते पाहिले पाहिजे. आणि हा शोध बर्लिनपासून नव्हे, आपल्या अंगणापासून सुरू करता येतो.

१८७८ साली लॉर्ड लिटनच्या सरकारने देशी भाषांतील वृत्तपत्रांचा कायदा केला. तो काही लिटनच्या डोक्यातून निघाला नव्हता. आयर्लंडमध्ये इंग्रजांनी १८७० साली जो दडपशाहीचा कायदा केला होता त्यातील वृत्तपत्रांविषयीच्या तरतुदींचा नमुना त्याने उचलला. एका गुलाम देशावर पारखून घेतलेले हत्यार दुसऱ्या गुलाम देशात आणले गेले. त्यात भर एवढीच की इंग्रजीत निघणारी पत्रे या कायद्यातून वगळली. कलकत्त्याच्या 'अमृत बझार पत्रिके'ने त्यामुळे रातोरात बंगाली सोडून इंग्रजीचा अवलंब केला ही हकिकत प्रसिद्ध आहे. या वगळण्यामागचा विचार आपण ओळखला पाहिजे. इंग्रजी वाचतो तो समंजस, आणि मराठी, बंगाली, उर्दू वाचतो तो भडकणारा, अशी वाचकांचीच उतरंड त्यात गृहीत होती. ज्यांना ही उतरंड जन्मापासून ठाऊक आहे त्यांना ती समजावून सांगावी लागत नाही.

पुढचा प्रवास सरळ आहे. १९१० च्या कायद्याने छापखान्यांकडून जामीनरकमा घेणे सुरू झाले. १९३१ साली पुन्हा वृत्तपत्रांसाठी आणीबाणीच्या अधिकारांचा कायदा आला. आमच्या सोलापूरने या काळाची झळ सोसली आहे. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली, ८ मे रोजी सोलापुरात गोळीबार झाला, पुढचे काही दिवस शहरात इंग्रजांचे राज्य उरले नाही, आणि १२ मे ते ३० जून १९३० या काळात येथे लष्करी कायदा होता. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. यांतील कुर्बान हुसेन हे 'गझनफर' पत्राचे संपादक होते. आज त्या चौघांचे पुतळे शहराच्या मध्यभागी आहेत आणि रिक्षावाल्याला 'चार पुतळे' म्हटले की तो बरोबर तेथे नेतो. सरकारी भाषेत त्या दिवसांचे नाव 'दंगल' असे होते. सोलापूरकरांच्या तोंडी 'मार्शल लॉ' असे आहे. एका नावात गुन्हेगार जनता आहे, दुसऱ्या नावात गुन्हेगार सरकार आहे. शब्दांचा हा झगडा कोणत्याही काव्यशास्त्राइतका महत्त्वाचा आहे. पण आपल्या विद्यापीठीय समीक्षेने त्याची दखल क्वचितच घेतली.

स्वातंत्र्य आले. १९५१ साली 'आक्षेपार्ह मजकुरा'चा कायदा झाला, तो १९५६ मध्ये संपला. १९७६ साली तोच शब्द घेऊन आणीबाणीतला कायदा आला आणि या वेळी तो कायमचा म्हणून आला. २५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीतील वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांची वीज तोडली होती. पुढे अग्रलेखाची जागा निषेध म्हणून कोरी सोडण्यालाही बंदी आली. कोरा कागदसुद्धा काही सांगतो, हे सेन्सॉरला समीक्षकांच्या आधी कळले होते! फेब्रुवारी १९७६ मध्ये चार वृत्तसंस्था एकत्र करून 'समाचार' नावाची एकच संस्था केली गेली. तुरुंग, सेन्सॉर, आक्षेपार्ह मजकूर हे सारे शब्द गोऱ्या साहेबाच्या कपाटात घडी घालून ठेवलेले होते. नव्या साहेबाने घडी मोडली आणि कोट अंगात घातला. माप जवळजवळ बरोबर बसले.

आणीबाणीचा एक भाग मात्र असा आहे की जो मराठीत फारसा चर्चिला जात नाही. जुलै १९७६ मध्ये दिल्लीत अलिप्त राष्ट्रांची एक परिषद भरली आणि त्या राष्ट्रांच्या वृत्तसंस्थांचा सामाईक संघ उभा करण्याचे ठरले. या मागणीचे मूळ न्याय्य होते. आशिया-आफ्रिकेतील माणसांच्या बातम्या लंडन, पॅरिस आणि न्यूयॉर्कच्या मोजक्या संस्था ठरवीत; आमचा दुष्काळ त्यांच्या चष्म्यातून आम्हालाच दिसे. या अन्यायाविरुद्ध बोलणे योग्यच होते. पण बोलत कोण होते? ज्या सरकारने आपल्याच देशातल्या संपादकांच्या तोंडाला कुलूप लावले होते ते सरकार जगाला 'मुक्त माहिती'ची दीक्षा देत होते. या संघात जमलेल्या संस्था बहुतेक सरकारांच्याच होत्या. एका सरकारची पत्रके दुसऱ्या सरकारच्या संस्थेने 'बातमी' म्हणून छापायची, आणि त्याने याची. साम्राज्यवादाविरुद्धचा खरा राग या देवघेवीला भांडवल म्हणून मिळाला.

येथे या लेखाच्या मुख्य मुद्द्याशी आपण येतो. सत्तेचे खोटे हवेत उभे राहत नाही. ते खऱ्या जखमेवर येऊन बसते.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आपल्याच देशातल्या एका वृत्तपत्रातले आहे. जुलै १९८३ मध्ये दिल्लीच्या 'पेट्रियट' या दैनिकात एक निनावी पत्र प्रसिद्ध झाले. एड्स हा रोग अमेरिकेच्या लष्करी प्रयोगशाळेत तयार केला गेला, असे त्यात म्हटले होते. हे पत्र सोव्हिएत गुप्तहेर खात्याने पेरलेले होते. दोन वर्षांनी मॉस्कोने ही गोष्ट पुन्हा हाती घेतली, बल्गेरियाच्या खात्याला कळवली, पूर्व जर्मनीच्या खात्याने तिला शास्त्रज्ञाची झूल चढवली, आणि १९८७ पर्यंत ती ऐंशीहून अधिक देशांत पोचली. १९९२ साली रशियाच्या गुप्तहेर खात्याच्या प्रमुखाने तिची कबुली दिली. दिल्लीचे दैनिक का निवडले? कारण मॉस्कोत छापले असते तर कोणी विश्वास ठेवला नसता. गरीब देशातल्या छापील कागदाला गरीब देशांत वजन असते. आणि अमेरिकेतल्या काळ्या माणसांनी या गोष्टीवर विश्वास का ठेवावा? कारण १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे टस्कीगी येथे अमेरिकी सरकारच्या आरोग्य खात्याने शेकडो काळ्या माणसांचा उपदंश उपचाराविना तसाच वाढू दिला होता. औषध सापडल्यावरही दिले नाही. ती जखम खरी होती. मॉस्कोने केले काय, तर त्या जखमेवर आपली माशी बसवली. परिणाम काळ्या वस्तीनेच भोगले, कारण ज्याला रोगाच्या कारणाविषयी खोटे सांगितले जाते तो रोगाच्या उपचारावरही विश्वास ठेवीत नाही.

दलित पँथरने आपले नाव ज्यांच्याकडून घेतले त्या माणसांची ही गोष्ट आहे. ती आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. कारण आणीबाणीत आपल्याही जखमेवर अशीच माशी बसली होती.

१ जुलै १९७५ रोजी वीस कलमी कार्यक्रम जाहीर झाला. भूमिहीनांना जमीन, कर्जमुक्ती, वेठबिगारीचे उच्चाटन ही त्यातली कलमे होती. ऑक्टोबर १९७५ मध्ये वेठबिगारी रद्द करणारा वटहुकूम निघाला, १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. त्याच वर्षी अस्पृश्यता गुन्हे कायदा कडक होऊन नागरी हक्क संरक्षण कायदा या नावाने नोव्हेंबरमध्ये अमलात आला. हे कायदे खोटे नव्हते. ते आजही वापरता येतात आणि वापरले पाहिजेत. मराठवाड्यातल्या आणि सोलापूर जिल्ह्यातल्या ज्या सालगड्याने आयुष्यभर कर्जात मान अडकवून घेतली त्याला 'वेठबिगारी रद्द' हे दोन शब्द रेडिओवर ऐकून काय वाटले असेल याची कल्पना ज्यांना वृत्तपत्राची चिंता होती त्यांना येणे कठीण होते. नामदेव ढसाळांनी १९७६ साली 'प्रियदर्शिनी' हे दीर्घकाव्य लिहिले. पांढरपेशा समीक्षेने त्याबद्दल ढसाळांना आजवर माफ केलेले नाही. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गा भागवतांनी आणीबाणीविरुद्ध आवाज उठवला, त्याचे स्मरण मात्र ती दरवर्षी करते. दुर्गाबाईंचे धैर्य खरे होते, त्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण एकाचे स्खलन आणि दुसऱ्याचे शौर्य एवढीच या काळाची वाङ्मयीन नोंद ठेवली तर मुख्य प्रश्न निसटतो. ज्यांचे शतकांचे दुःख कोणत्याही मुक्त वृत्तपत्राने पहिल्या पानावर छापले नव्हते त्यांना वृत्तपत्रांच्या स्वातंत्र्यासाठी रडू का यावे? हा तो प्रश्न आहे. बाबासाहेबांना 'मूकनायक' काढावे लागले ते १९२० साली, आणि त्याची पैसे देऊन छापायची जाहिरातही 'केसरी'ने घेतली नाही.

तरीसुद्धा उत्तर आणीबाणीच्या बाजूने जात नाही. कारण जमिनीचे कलम सांगणारा आवाज नसबंदीविषयी गप्प होता. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक विधिमंडळात मंजूर करून घेणारे राज्य महाराष्ट्रच होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आले नाही. उद्दिष्टाचा आकडा भरायला माणसे कोठून आणली गेली? बंगल्यांतून नव्हे. ज्या सालगड्यासाठी वेठबिगारीचा कायदा झाला त्याच्याच दाराशी गाडी आली, आणि ही बातमी छापायला वृत्तपत्र उरले नव्हते. दलिताला मुक्त वृत्तपत्राने न्याय दिला नव्हता हे खरे. पण बंद वृत्तपत्राने त्याचा अन्याय सांगण्याची उरलीसुरली वाटही बुजवली, हेही तितकेच खरे. अर्धे खरे आणि अर्धे मौन यांची ही जोडी हेच हुकूमशाही प्रचाराचे खरे रसायन आहे. 'गोबेल्सनीती' म्हणून आपण केवळ धडधडीत खोटे शोधत बसतो, आणि हे रसायन आपल्या हातातून निसटून जाते.

आता अंगणाच्याही आत, घराकडे येतो. माझ्या घरातला पहिला पदवीधर मी. आजोबा गिरणीत होते. मी सातवीत असल्यापासून वस्तीतली सरकारी पत्रे, नोटिसा, समन्स वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले. मला वाङ्मयाची गोडी कवितेने लावली असे मी सांगू शकत नाही. सरकारी गद्याचे भय माझ्या आधी वाट्याला आले. 'उपरोक्त इसम', 'सदर वस्ती', 'संशयित' हे शब्द ऐकताना म्हाताऱ्या माणसांचे चेहरे कसे बदलत ते मी पाहिले आहे. म्हणून माझा आग्रह असा की सरकारी गद्य हा मराठीतील एक प्रभावी वाङ्मयप्रकार मानून त्याची समीक्षा झाली पाहिजे. त्याला लेखक नसतो, पण वाचक नाकारू शकत नाहीत असा तो एकमेव प्रकार आहे.

या प्रकारातील सर्वांत भयंकर कृती १८७१ सालची आहे. वृत्तपत्रांचा गळा आवळणारा कायदा १८७८ चा. ज्यांना वृत्तपत्रच नव्हते त्यांच्यावरचा गुन्हेगार जमाती कायदा त्याच्या सात वर्षे आधीचा. हा क्रम योगायोगाचा नाही. राज्यसत्ता आपल्या खोट्याचा पहिला प्रयोग नेहमी त्यांच्यावर करते ज्यांना ते खोडता येत नाही. माणूस जन्मतः गुन्हेगार असतो हे खोटे या कायद्याने छापले. पाहा ते कसे पसरले. प्रथम उत्तर हिंदुस्थानात, १८७६ ला बंगालात, १९११ च्या सुधारणेने मुंबई-मद्राससह साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात. एका जिल्ह्याच्या पोलीस दप्तरातली नोंद दुसऱ्या जिल्ह्यात पुरावा म्हणून जाई; तेथली नोंद पहिल्या जिल्ह्यात परत येऊन म्हणे, पाहा, तेथेही हे असेच आहेत. खोट्याला साक्षीदार म्हणून खोटेच उभे राहिले. ही सरकारांची परस्परांकडून शिकण्याची पद्धत गोबेल्सच्या जन्माआधीची आहे.

सोलापुरात या कायद्याखाली तारेच्या कुंपणात सेटलमेंट उभी केली गेली. आतल्या माणसांना गिरण्यांत कामाला पाठवायचे आणि परत आल्यावर हजेरी घ्यायची. कायद्याला गुन्हेगार मिळाले, गिरण्यांना स्वस्त मजूर मिळाला, मिशनऱ्यांना सुधारण्यासाठी माणसे मिळाली. खोट्याचे असे अनेक भागीदार असले की ते दीर्घायुषी होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. तो दिवस या जमाती मुक्तिदिन म्हणून पाळतात. पण मधल्या काळात राज्यांनी एकमेकांची पाहून 'सराईत गुन्हेगारां'चे कायदे केले. आमच्याकडचा १९५९ चा आहे. जमातीचे नाव गेले, सवयीचे आले. सेटलमेंटच्या भागातला पत्ता अर्जावर लिहावा की नाही, असे आजही विद्यार्थी मला विचारतात.

या प्रकाशात लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' पुन्हा वाचावे अशी माझी विनंती आहे. १९८० आणि १९८७ सालच्या या पुस्तकांना साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले, आणि मराठी समीक्षेने त्यांना 'दाहक अनुभव', 'अनोखे विश्व', 'अस्सल बोली' अशी विशेषणे बहाल केली. विशेषणे देऊन झाली की समीक्षा मोकळी झाली. माझ्या मते ही आत्मकथने म्हणजे निवेदन नाही, ते उत्तर आहे. एका सरकारी संहितेला दिलेले, शंभर वर्षे उशिरा का होईना पण कलमवार दिलेले उत्तर आहे. गुन्हेगारीचे कारण रक्त नसून भूक आणि पोलिसांची हजेरी आहे, हे त्यांचे प्रतिपादन आहे. ज्या संहितेला ही पुस्तके उत्तर देतात ती संहिता न वाचता त्यांची समीक्षा करणे म्हणजे खटल्यात आरोपपत्र न वाचता साक्षीदाराच्या आवाजाचे कौतुक करणे होय!

हे सारे जुने झाले असे कोणी म्हणेल. तसे नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेवरून लोक रस्त्यावर आले आणि राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. पोलिसांचे म्हणणे असे की जमाव गॅसच्या टँकरांना आग लावणार होता, गोळीबार झाला नसता तर अनर्थ झाला असता. गुंडेवार आयोगाने टँकरची ही कथा फेटाळली. ही कथा रचणाऱ्याने बर्लिनचा अभ्यास केला असेल असे मला वाटत नाही. वस्तीचा जमाव म्हणजे आग, हे वाक्य त्याला वारशाने मिळाले होते. आयोगापुढे ते टिकले नाही याचे श्रेय वस्तीतल्या त्या साध्या माणसांना आहे ज्यांनी कोण कोठे उभे होते, कोण कोठे पडले हे पुन्हा पुन्हा सांगितले.

आणि जगात ही उसनवारी थांबलेली नाही, उलट ती सुलभ झाली आहे. २०१२ साली रशियाने परदेशी मदत घेणाऱ्या संस्थांना 'परकीय हस्तक' हे नाव लावणारा कायदा केला. अमेरिकेतही १९३८ पासून असा कायदा आहे, हे त्याचे समर्थन होते. २०१७ मध्ये हंगेरीने, २०२० मध्ये निकाराग्वाने, २०२४ मध्ये किरगिझस्तान आणि जॉर्जियाने तीच वाट धरली. आम्हाला यात नवल वाटू नये. 'परकीय हात' हा शब्द आणि विदेशी देणग्यांवरचा पहिला कायदा आम्ही आणीबाणीतच, १९७६ साली, पाहिला आहे. 'फेक न्यूज' हा शब्द तर त्याहून वेगाने फिरला. अमेरिकेच्या अध्यक्षाने तो २०१७ मध्ये वृत्तपत्रांवर फेकला आणि वर्ष संपण्याआधी म्यानमारचा एक अधिकारी रोहिंग्या नावाचे लोकच नाहीत, ती फेक न्यूज आहे, असे सांगत होता. एका शब्दाने एक जमात पुसली! २०१८ मध्ये मलेशियाने, २०१९ मध्ये सिंगापूर आणि रशियाने खोट्या बातम्यांविरुद्ध कायदे केले. मलेशियाने तो पुढे मागे घेतला, रशियाने २०२२ मध्ये युद्धाविषयीच्या 'खोट्या' माहितीला पंधरा वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली. आपल्याकडे २०२३ च्या नियमांनी केंद्र सरकारविषयीची कोणती माहिती खोटी हे सरकारनेच नेमलेल्या कक्षाने ठरवायचे होते. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ते नियम रद्द ठरवले. आरोपी आणि न्यायाधीश एकच असू नये, हे तत्त्व गावकीच्या चावडीवर ज्यांनी अनुभवाने शिकले त्यांना त्या निकालाचे मोल अधिक कळेल.

मग आपण करावयाचे काय? येथे एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. सत्ता जर शत्रूकडून शिकते तर चळवळही सत्तेकडून शिकू शकते, आणि शिकते. अत्याचाराची बातमी फिरवताना आकडा थोडा वाढवला, दुसऱ्या गावचे छायाचित्र जोडले, तर काय बिघडले, हेतू तर चांगला आहे, असा युक्तिवाद मी तरुण कार्यकर्त्यांकडून ऐकला आहे. त्यांना मी १९१७ ची गोष्ट सांगतो. त्या वर्षी एप्रिलमध्ये लंडनच्या वृत्तपत्रांनी छापले की जर्मन लोक आपल्याच सैनिकांची प्रेते उकळून चरबी काढतात. ते खोटे होते. १९२५ मध्ये ब्रिटिश संसदेत त्याची लाज झाकता आली नाही. पुढे १९४२ मध्ये ज्यूंच्या सामुदायिक हत्येच्या खऱ्या बातम्या आल्या तेव्हा लंडनमधल्या शहाण्या माणसांनी मान हलवली : हे आपण मागेही ऐकले आहे. एका खोट्या कारखान्याने खऱ्या कारखान्यांवरचा विश्वास आधीच खाऊन टाकला होता. ज्याच्या फिर्यादीवर ठाणे अंमलदार मुळातच विश्वास ठेवीत नाही, त्याला एकसुद्धा फुगवलेला आकडा परवडत नाही. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याचे खोटे उघडे पडले तरी त्याची सत्ता राहते. आपले खोटे उघडे पडले तर आपल्याजवळ काहीच राहत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यांत खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा आहे. तिला आपण वैयक्तिक सदाचाराच्या खात्यात टाकून दिले आहे. ती राजकीय प्रतिज्ञा आहे असे मी समजतो. चौथे शील पाळणारा समाज सत्तेच्या खोट्यापुढे पुरावा होऊन उभा राहू शकतो. न पाळणारा समाज त्या खोट्याचा केवळ प्रतिस्पर्धी होतो, आणि त्या स्पर्धेत साधने कोणाजवळ अधिक आहेत हे सांगायला नको.

म्हणून महाविद्यालयांतून आणि वस्त्यांतल्या वाचनालयांतून एक साधे काम सुरू व्हावे. आपल्या गावात अत्याचाराची, गोळीबाराची, घरे पाडण्याची घटना घडली की त्या आठवड्यातली सरकारी पत्रके, वृत्तपत्रांची कात्रणे, फिरलेले संदेश आणि प्रत्यक्ष पाहणाऱ्यांचे जबाब एका फायलीत, तारखेसह ठेवावेत. दोन वर्षांनी ती फाईल उघडून मराठीच्या वर्गात शेजारी शेजारी ठेवून वाचावी : कोणता शब्द कोठून आला, कोणी प्रथम वापरला, तो दुसऱ्या जिल्ह्यात केव्हा गेला. यासाठी अनुदान लागत नाही, परवानगी लागत नाही. लागते ती चिकाटी, आणि आपल्या बाजूचे खोटेही त्याच फायलीत लावण्याचे धैर्य.

'गोबेल्सनीती' हा शब्द तोवर थोडे दिवस बाजूला ठेवू या. त्याच्याऐवजी कोणते खोटे, कोणाचे, कोणत्या तारखेचे, कोणाकडून उचललेले, असे विचारू या. सत्ताधाऱ्यांना शिवी सोसते. ही चौकशी त्यांना सोसणार नाही.